गार्ड कुणी काढलं?

कारखान्यातल्या अपघाताची बातमी आपल्याकडे पाच-सहा ओळींत उरकते. एमआयडीसीत प्रेसमध्ये हात सापडून तरुण कामगार जखमी, सीपीआर रुग्णालयात दाखल, पोलिसांत नोंद. कसं झालं, तर ‘काम करत असताना अचानक’. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दुसरा पोरगा उभा असतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण माल वेळेवर जायचा असतो. हे पुस्तक त्या ‘अचानक’च्या मागे गेलं आहे. अपघाताच्या आधीची चार-दोन वर्षं त्या शेडमध्ये कशाचं कौतुक होत होतं, कशाची टिंगल होत होती आणि कशाकडे सगळे मिळून काणाडोळा करत होते, हा याचा विषय. प्रस्तावनेच्या निमित्ताने मला त्या विषयाची कोल्हापुरी बाजू थोडी मांडायची आहे.

प्रेसपासूनच सुरुवात करू. बऱ्यापैकी प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा पंच खाली येतो. म्हणजे पंच खाली येतो त्या क्षणी दोन्ही हात बटणांवर असतात, डायमध्ये नसतात. रचना साधी आणि चोख आहे. आता एखाद्या शॉपमध्ये जाऊन नीट बघा. एका बटणात वॉशर अडकवलेला, लाकडाची पाचर मारलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली दिसेल. त्यामुळे ते बटण कायमचं दाबलेलं. एक हात मोकळा झाला की पत्रा सरकवायला तो वापरता येतो आणि तासाला नग वाढतात. ही पाचर ज्याचं बोट जातं त्याने मारलेली नसते. तो कामाला लागला तेव्हाच ती तिथे होती. आधीच्या ऑपरेटरने त्याला शिकवलं, सुपरवायझरने रोज येता-जाता पाहिलं, आणि संध्याकाळी नगांचा आकडा पाहून खूश झालेल्या मालकाने तो आकडा कसा जमला हे विचारलं नाही. एका पाचरेत चार माणसांचा हात असतो. पण चौकशी झाली की कागदावर नाव एकाचंच येतं.

यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवं, ही गोष्ट हिंदुस्थानच्या कायद्यात १८८१ पासून आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ त्यासाठीच होतं. मात्र त्याच अधिनियमाचं कलम १११ कामगाराला बजावत होतं की सुरक्षेच्या साधनात मुद्दाम ढवळाढवळ करायची नाही, केलीस तर शिक्षा तुला. दोन्ही कलमं आपापल्या जागी बरोबरच होती. पण अपघातानंतर कुठलं कलम आधी आठवतं, यावरून त्या जागेची चाल कळते.

कोल्हापूरचा कारखानदारीचा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी केली. पुढे उद्यमनगरात लेथ आणि भट्ट्या उभ्या राहिल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नव्हे, मिस्त्र्यांच्या हातातून. म्हादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार ही नावं तिथे आजही आदराने निघतात. बाहेरचं यंत्र उघडायचं, बघायचं आणि तसंच, जमलं तर त्याहून बरं, इथे करून दाखवायचं; ही या गावाची खोड. ऑइल इंजिनं याच जोरावर इथे तयार झाली आणि आज मोटारगाड्यांची कास्टिंगं इथून देशभर जातात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातला प्रत्येक दुसरा मालक कधी ना कधी स्वतः मशीनवर उभा राहिलेला असतो किंवा त्याचे वडील तरी. कोल्हापूरच्या धंद्याचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे. आणि माझं म्हणणं असं की धोकाही तिथूनच येतो.

कारण उस्तादाच्या हाताखाली पोरगा नुसती कला शिकत नाही, बेफिकिरीही शिकतो. फिरत्या चकवरचा बर हाताने कसा काढायचा, पट्टा चालू असताना कसा चढवायचा, भट्टीपाशी चष्म्याशिवाय रंगावरून रसाचा अंदाज कसा घ्यायचा, हे सगळं ‘कसब’ म्हणूनच शिकवलं जातं. जुन्या मिस्त्र्याच्या हाताचं एखादं पेर कमी असलं तर ते अनुभवाचं सर्टिफिकेट ठरतं. नवीन पोराने हातमोजे मागितले की शेडमध्ये हशा पिकतो. “काय हुत न्हाई, भावा,” हे वाक्य इथल्या प्रत्येक शॉपमध्ये ऐकायला मिळतं आणि बहुतेक दिवशी ते खरंही ठरतं, हीच त्यातली गोम. शंभरदा नियम मोडून शंभरदा सुखरूप राहिलेला माणूस नियमावर नव्हे, स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायला लागतो.

त्यात आपलं गाव तालमींचं. मागे सरणं इथे शोभत नाही. एरवी ही मोठी गोष्ट; पुरात, आगीत कोल्हापूरकर कसा धावतो ते आपण पाहिलं आहे. पण साखर कारखान्याची मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, बायोगॅसचा खड्डा, जुनी विहीर अशा बंदिस्त जागेत हेच धाडस माणसं मारतं. एक जण सफाईला उतरतो आणि कोसळतो. वरून दुसरा ते बघतो, हाक मारतो, उत्तर आलं नाही की तसाच खाली उडी टाकतो. त्याच्यामागे तिसरा. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड. ते तळाशी साचून राहतात, आणि दोन-चार श्वासांत पहिलवानही आडवा होतो. जगभर अशा घटनांत वाचवायला गेलेल्यांचे बळी मोठ्या संख्येने गेले आहेत. उतरण्याआधी हवा तपासायची, कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, दोराचं टोक धरून एक माणूस बाहेर उभा ठेवायचा आणि काही झालं तरी त्याने आत जायचं नाही, असा नियम आहे. शेवटचा भाग पाळणं आपल्याला फार जड जातं. मित्र खाली पडलाय आणि आपण वर दोर धरून उभे, याला आपल्याकडे भित्रेपणा म्हणतात. बाहेर उभं राहणं हेच त्याचं काम आहे, हे आधीपासून, दहादा सांगितलेलं असावं लागतं. त्या क्षणी सांगून उपयोग नसतो.

फौंड्रीत दोन प्रकारचे धोके असतात आणि दोन्हींचा वेग निराळा. पहिला एका क्षणाचा. लोखंडाचा रस चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास ओततात. त्यात ओलं भंगार पडलं किंवा दोन्ही टोकं बंद असलेली, आत पाणी राहिलेली नळी पडली, तर पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पटीने फुगतं आणि रस भट्टीबाहेर उडतो. म्हणून पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवायचं, टाकण्याआधी निवडायचं, ही कामं भट्टीइतकीच महत्त्वाची. पण भंगार निवडणारा हा शेडमधला सगळ्यात कमी पगाराचा माणूस, बहुधा ठेकेदाराचा आणि परराज्यातून आलेला. “हे ओलं आहे, आत्ता टाकू नका,” असं त्याने म्हटलं आणि हीट, म्हणजे भट्टीतला चालू घाणा, थांबवावी लागली तर त्याचं काय होतं? फौंड्रीची सुरक्षितता तपासायची तर मी हेल्मेटं मोजणार नाही, हा एकच प्रश्न विचारीन.

दुसरा धोका वर्षांचा. साच्यासाठी वापरतात ती वाळू म्हणजे सिलिका. साचा फोडताना, कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, आल्यावर, ग्राइंडर चालताना तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकाघशात अडकते. दिसत नाही ती फुफ्फुसात खोल उतरते आणि तिथेच राहते. दहा-पंधरा वर्षांनी माणसाला जिना चढताना धाप लागते. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची लागण लवकर होते आणि छातीचा फोटो पाहताना दोन्हींत गल्लत होण्यासारखी असते, त्यामुळे कित्येकांच्या केसपेपरवर नुसतं ‘टीबी’ लिहिलं जातं. टीबी म्हटलं की तो घरातला, वस्तीतला, व्यसनाचा आजार ठरतो. कारखाना त्यातून सुटतो. सिलिकोसिस कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. डॉक्टरने तो कळवायचा असतो. त्यासाठी डॉक्टरने आधी “काम काय करता?” हे विचारायला हवं. केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन असतं. कामाचा रकाना बहुधा रिकामा किंवा त्यात ‘मजुरी’.

तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्याला आपण काळजी घेणारा समजतो. फडक्याने ती बारीक धूळ अडत नाही. अडतो तो फक्त आपला अपराधीपणा.

आता थकव्याकडे येतो, कारण या भागात तो वेगळ्याच वाटेने येतो आणि मुंबई-पुण्यात लिहिलेल्या पुस्तकांत त्याचा पत्ता नसतो. आपल्याकडचा कामगार बराचसा गावात राहतो. करवीर, हातकणंगले, कागल, पन्हाळा इथल्या वाड्यावस्त्यांवरून दुचाकीवर येतो. घरी दोन म्हशी असतात, तीस गुंठे ऊस असतो. पहाटे उठून धार काढायची, दूध संस्थेत घालायचं, वैरण टाकायची आणि मग सात वाजता पंचिंग. शेतीपंपाची लाइट पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन उसात पाणी पाजायला जायचं. म्हणजे ज्याला कंपनीच्या कागदावर पहिली शिफ्ट आहे, त्याने शेतातली रात्रपाळी आधीच केलेली असते. त्यातून दिवाळीआधी ऑर्डरची घाई आली की ‘ओव्हरटाइम करणार का?’ हा प्रश्न प्रश्न राहत नाही. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी आहे. किती ठिकाणी मिळते ते वाचकांना माहीत आहे. दुपारी दोनच्या सुमाराला प्रेसपुढे बसलेल्या अशा माणसाची मान एक क्षण खाली जाते. निष्काळजीपणाचा शिक्का मारायला तेवढा क्षण पुरतो. हे टाळायला फार मोठी यंत्रणा नको. एका छोट्या कारखानदाराने गावाकडची लाइट कधी आहे हे विचारून पाळ्या लावायला सुरुवात केल्याचं मला माहीत आहे. त्याला कुणी सेफ्टीचं बक्षीस देणार नाही. मी दिलं असतं.

इचलकरंजीचं वेगळं पुस्तक होईल. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर गावाचा आवाजच बदलला. मजुरीचा सगळा हिशोब बावन्न पिकाला (पिक म्हणजे कापडातला आडवा धागा) मीटरमागे किती पैसे असा चालतो. माग थांबला की मजुरीही थांबते. म्हणून धागा जोडायला, धोटा बदलायला जेवढा थांबेल तेवढाच तो थांबतो. बारा-बारा तास त्या खडखडाटात काढलेली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलतात, आणि घरी गेल्यावर टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून बायकोची बोलणी खातात. कान गेल्याचा अपघात कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, कारण तो कुठल्याच एका तारखेला होत नाही.

“चूक कामगाराचीच असते” या समजुतीला एक वंशावळ आहे. हर्बर्ट हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं. शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीने होतात, हा त्यातला आकडा. पुढे तो जगभरच्या सेफ्टीच्या पोस्टरांवर गेला आणि आपल्याकडे अजूनही प्रशिक्षणात ऐकवला जातो. तो काढला होता विम्याच्या आणि कारखान्यांच्या नोंदींवरून. म्हणजे अपघातानंतर वरिष्ठांनी जे लिहून दिलं त्यावरून. वरिष्ठ स्वतःचं नाव कशाला लिहितील?

या समजुतीच्या पुढे ढाक्याजवळची राणा प्लाझा ठेवून पाहा. २३ एप्रिल २०१३ रोजी त्या इमारतीला तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापण्याचा धाक घालून आत बोलावलं. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. धोका कुणालाच कळला नव्हता असं नाही. बँकेच्या कर्मचाऱ्यांना घरी जाता आलं, शिवणाऱ्या बायकांना ‘नाही’ म्हणता आलं नाही.

म्हणता येणं, हे या पुस्तकाच्या मध्यावरचं प्रकरण आहे आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटलं. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी, अशी तिची अपेक्षा. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथल्या नर्सेस चूक झाली की सांगत होत्या. वाईट वॉर्डांत ती लपवली जात होती. आपल्याकडे हेच पाहायचं असेल तर फर्स्ट एडची वही मागा. पन्नास माणसांच्या फेटलिंग शॉपची वही महिनोन्‌महिने कोरी असेल तर ती शाबासकीची गोष्ट नाही. तिथे हाताला चटका बसल्यावर माणूस घरून आणलेली हळद लावतो आणि गप्प राहतो. बाईला साहेबाचा त्रास असेल तर तीही याच कारणाने गप्प राहते. दहा माणसांवर अंतर्गत तक्रार समिती नेमायला सांगणारा २०१३ चा कायदा भिंतीवर फ्रेममध्ये असतो. आणि हे पत्र्याच्या शेडपुरतं नाही. २०२४ साली पुण्यातल्या एका बड्या सल्लागार कंपनीत रुजू होऊन चार महिने झालेली तरुण सनदी लेखापाल वारली. तिच्यावर कामाचा किती भार होता हे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितलं, तेव्हा देशाने ते ऐकलं. एसीत बसलेल्यांनाही “आज एवढंच जमेल” हे वाक्य उच्चारता येत नाही.

कायद्याने म्हणण्याचा हक्क द्यायचा प्रयत्न केला आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत मालक-कामगारांची सुरक्षा समिती आली आणि जिवावरचा धोका दिसला तर तो सांगण्याचा कामगाराचा हक्क आला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने हा हक्क सर्वच कर्मचाऱ्यांना दिला. धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून द्यायचा, मालकाने ताबडतोब उपाय करायचा. चांगलंच झालं. पण त्याच संहितेत ‘कारखाना’ कशाला म्हणायचं याची मर्यादा वर गेली. १९४८ च्या मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार पुरे होते, आता वीस लागतात. दहापासून पुढच्या आस्थापनांना संहिता लागू आहे हे खरं, तरी कारखान्यांसाठीचं जादा बंधन त्यांच्यावरून उतरलं. उद्यमनगरच्या गल्लीबोळांत किती शेडमध्ये वीसपेक्षा जास्त माणसं असतात? आणि निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झाला आहे. त्याने नेमकं कुणाचं सुलभ करायचं, ते अनुभवाने कळेल.

म्हणून लहान शॉपची भिस्त शेवटी त्या जागेच्या चालीवर आहे आणि इथे मला कोल्हापूरबद्दल आशा वाटते. ज्या जवळिकीमुळे पाचरेकडे काणाडोळा होतो, तीच उलट्या बाजूनेही चालते. मालक आणि मोल्डर एका तालमीतले, एका गावच्या जत्रेतले असतात. मालकाला मशीन कळतं. त्याने एकदा सगळ्यांसमोर पाचर काढून फेकली, नग कमी आले तरी तोंड वाकडं केलं नाही, तर बाराशे रुपयांच्या पोस्टरने होणार नाही ते काम होतं. खंडेनवमीला एका वर्कशॉपात मी पूजा पाहिली. लेथ, ड्रिल, प्रेस धुऊनपुसून लख्ख, झेंडूच्या माळा, हेडस्टॉकवर हळदकुंकू. कपाटामागे टेकवून ठेवलेलं प्रेसचं गार्डही पोरांनी बाहेर काढलं होतं; त्यालाही माळ होती. पूजा झाल्यावर ते परत कपाटामागे गेलं. मालक शेजारीच उभा होता, प्रसादाचे पेढे वाटत. तो वाईट माणूस नव्हता. कामगारांच्या घरच्या लग्नाकार्याला जाणारा, दवाखान्याचं बिल भरणारा होता. बिल भरणारे मालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. गार्ड बसवणारे त्या मानाने कमी.

पुस्तकाशी माझा एका बाबतीत मतभेद आहे, तो इथेच नोंदवतो. ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक गेटवर लावावा आणि ठरावीक दिवस भरले की सर्वांना बक्षीस द्यावं, अशी शिफारस शेवटच्या प्रकरणात आली आहे. हेतू चांगला, पण फळ कडू. ज्या दिवशी एकाच्या डोळ्यात ग्राइंडरचा कण जातो त्या दिवशी त्याच्यासमोर चाळीस जणांचा मिक्सर किंवा चांदीचं नाणं असतं. तो डोळा चोळतो, पाणी मारतो आणि कामाला लागतो. नोंद होत नाही. सहा महिन्यांनी नजर अधू झाल्याचं कळतं, तेव्हा ईएसआयकडे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याकडे, जायचं तर अपघात कधी, कुठे झाला याचा कागद लागतो. काही ठिकाणी तर माणूस जखमी झाल्यावर, त्याच दिवशी, त्याचं ईएसआय कार्ड काढलं जातं. कामाला लागून त्याला दोन वर्षं झालेली असतात. कामातली दुखापत असेल तर विमा पहिल्या दिवसापासून लागू असतो आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या नव्वद टक्के रक्कम मिळते, हे त्याला माहीत नसतं. तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्या फलकाची शिफारस लेखकांनी काढावी आणि तिच्या जागी फर्स्ट एडच्या वहीचा आणि ईएसआयच्या अपघात अर्जाचा भरलेला नमुना छापावा, अशी माझी विनंती आहे. नमुना मोठ्या अक्षरांत असावा. भिंतीवर लावता येईल असा.